न दिलेल्या ट्रान्सफॉर्मरचा सत्कार

मी एका परदेशी वीज कंपनीच्या धरमपेठेतल्या ऑफिसात दुभाषी होते. तिथं भिंतीवर नागपूरचा नकाशा होता, तीन रंगांत रंगवलेला. हिरवं म्हणजे पैसा वसूल होणारं, पिवळं म्हणजे बघू, आणि लाल म्हणजे लांबूनच नमस्कार. धरमपेठ हिरवी. हिंगण्याची एमआयडीसी तर हिरवीगार. उत्तर नागपुरातली आमची वस्ती लाल. लग्नापर्यंतचं माझं सगळं आयुष्य त्या लाल ठिपक्यात गेलं आणि आमच्या घराचं बिल एकदाही थकलं नाही, पण साहेबाला हे सांगून काय फायदा? त्याचं शहराशी नातं नकाशापुरतंच होतं.

साहेब युरोपातल्या कुठल्याशा थंड देशातून आला होता. कायदा बदलणार, एकाच गल्लीत दोन-तीन कंपन्या वीज विकणार, अशी तेव्हा हवा होती. अजूनही आहे. त्या हवेवरच याच्या कंपनीनं इथं दुकान थाटलं होतं. माणूस दुष्ट नव्हता. दुष्ट असता तर निदान मनसोक्त भांडता आलं असतं. त्याला नुसती खात्री होती. माणसाला साबण निवडता येतो, मोबाईलची कंपनी निवडता येते, मग वीज का नाही, हे त्याचं वाक्य मी इतक्यांदा मराठीत सांगितलं की भाकरी थापताना तेच तोंडात यायचं. त्याच्या लेखी आपण सगळे एकाच दुकानदाराच्या तावडीत सापडलेले कैदी, आणि हा आपल्याला सोडवायला आलेला. नफा व्हायचाच, पण तो काय, ओघानं.

त्याच्या मुख्यालयाला लोकांचा कौल हवा होता. म्हणजे एखाद्या वस्तीत सभा घ्यायची आणि फोटो पाठवायचे. हिरव्या भागातल्या लोकांना असल्या सभांना वेळ नसतो. मग लाल भाग. आणि लाल भागात ओळख कुणाची, तर माझी.

मी मामाला फोन केला. माझा मामा वस्तीतल्या विहाराच्या समितीचा अध्यक्ष. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून त्याचा सगळा जीव विहारामागच्या अभ्यासिकेत. वस्तीतली पोरंपोरी तिथं स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतात, मामाची नातही. एप्रिलात घरोघर कूलर सुरू झाले की चौकातली डीपी बंद पडते. रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला आम्ही डीपीच म्हणतो. मग भर दुपारी अभ्यासिकेत ना पंखा ना दिवा, आणि पुस्तकावर घामाचे थेंब. नवी, मोठी डीपी मिळावी म्हणून मामा जुन्या वीज कंपनीकडे अर्जांवर अर्ज करत होता. नातीची परीक्षा मेच्या शेवटी होती. तिच्या परीक्षेआधी नवी डीपी बसलीच पाहिजे, एवढं एकच मामाच्या डोक्यात होतं.

"तुहा साहेब डीपी देईन का?" त्यानं विचारलं.

"मामा, तो नुसती वीज विकणार. तारा, खांब, डीपी, सगळं जुन्याच कंपनीचं राहणार."

"येऊ तर दे त्याले. मी पाहतो."

मामा 'पाहतो' म्हणाला की मला धडकी भरते. त्याची एक पद्धत आहे, काम व्हायच्या आधी सत्कार. एखादा नगरसेवक नालीबद्दल 'बघू' म्हणाला की दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो, नाली मंजूर केल्याबद्दल जाहीर आभार. चारचौघांत शाल घेतलेला माणूस नंतर नाही कसा म्हणणार? या रीतीनं आमच्या वस्तीत एक नाली, एक हातपंप आणि अर्धा रस्ता आला. रस्ता अर्ध्यावर असताना नगरसेवक निवडणुकीत पडला.

सभेच्या दिवशी गाडी चौकात वळली आणि मला फ्लेक्स दिसला. साहेबाचा हसरा फोटो, कुठून मिळवला कोण जाणे, आणि खाली ठसठशीत अक्षरांत, आमच्या वस्तीला नवीन ट्रान्सफॉर्मर दिल्याबद्दल जाहीर सत्कार.

"काय लिहिलंय?" साहेबानं विचारलं.

मी अक्षर न अक्षर सांगितलं. वर हेही सांगितलं, की ही दबाव आणायची रीत आहे, शाल घेतली की काम करावं लागतं. तो मनापासून हसला. किती गोड लोक आहेत म्हणाला. मग शाल घेतली, फुलं घेतली, आणि त्या फ्लेक्सखाली मामाच्या खांद्यावर हात ठेवून पाच-सहा फोटो काढून घेतले. मामाला वाटलं, मासा गळाला लागला.

सभेत साहेबानं साबणाची गोष्ट सांगितली, मी ती मराठीत केली. पुढच्या सतरंजीवरची एक म्हातारी उठली. "म्हणजे दूध तुमचं अन् गंज त्यायचा. मंग नासलं तं आमी कोणाच्या दारात यावं?"

याहून नेमकं त्या योजनेबद्दल कुणी काही बोललेलं मी ऐकलेलं नाही. गंज म्हणजे पातेलं, हेही फोडून मी ते साहेबाला सांगितलं. फार छान प्रश्न आहे, असं तो म्हणाला आणि त्यानं पुढचा प्रश्न घेतला. त्या लोकांत प्रश्नाला छान म्हटलं की उत्तर द्यावं लागत नसावं.

महिनाभरात मुख्यालयाचा निर्णय आला. घरगुती वीज विकण्यात सध्या राम नाही. मोठ्या कारखान्यांना बाहेरून वीज घ्यायची मुभा आहेच, तेव्हा फक्त हिंगणा. मी साहेबाला विचारलं, कारखाने चढा दर भरतात म्हणून आमच्यासारख्यांचं बिल थोडं हलकं राहतं. तेच तुम्ही उचलून नेले तर तो भार कुणावर? तो म्हणाला, तो धोरणाचा प्रश्न आहे. आपल्या कचेऱ्यांत 'साहेब जेवायला गेलेत' म्हणतात, तसा तो धोरण हा शब्द वापरायचा. कंपनीच्या गुळगुळीत अहवालात मात्र मामा झळकला. साहेबाचा हात त्याच्या खांद्यावर, आणि खाली ओळ, निवडीच्या स्वातंत्र्याचं ग्राहकांकडून उत्स्फूर्त स्वागत. मला शिसारी आली.

मे उजाडला आणि डीपी रोज बंद पडायला लागली. मी आणि मामा जुन्या कंपनीच्या इंजिनिअरकडे गेलो. त्यानं मामाला ओळखलं. मोबाईल काढून आमच्याचपुढे धरला, तर त्यात अहवालातला तोच सत्काराचा फोटो, मागच्या फ्लेक्ससकट.

"तुमाले तं भेटली ना डीपी? सत्कारही झाला. मंग इकडं काहून आले?"

"नाही भेटली जी, ते नुसतं..." मामा अडखळला.

"नुसतं काय? आमच्या वरच्या साहेबानंही पाह्यला हा फोटो. तुमचा अर्ज बंद झाला. डीपी दिली नाही असं त्या कंपनीचं लिहून आणा, मंग पाहू."

हाही काही कमी नव्हता. ज्या चौकातली डीपी याचीच माणसं रोज चालू करायला येतात, ती नवी की जुनी हे याला फोटोवरून ठरवायचं होतं.

मी साहेबाकडे गेले. एक ओळ द्या म्हटलं, आम्ही तिथं ट्रान्सफॉर्मर दिलेला नाही, बस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, आमच्या मालकीच्या नसलेल्या वस्तूंबद्दल आम्ही काहीही लेखी देत नाही. वकिलांना विचारावं लागेल, आणि वकील नकोच म्हणतील. मी वाद घातला. तो पुन्हा तेच म्हणाला, त्याच सौम्य आवाजात. जे दिलं नाही त्याबद्दल फुलं घ्यायला याला वकील लागला नव्हता. दिलं नाही एवढंच लिहायला लागत होता. त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. त्यानं त्याचं काही अडलं असेल असं मला वाटत नाही.

मामाला सगळं सांगितलं तेव्हा तो अभ्यासिकेत बसला होता. लाइट गेलेली होती. दारं उघडी टाकून पोरं वाचत होती.

"मंग मीच लिहून देतो," तो म्हणाला. नातीच्या वहीतला कागद मागून घेतला. अर्जाची सुरुवात त्याला पाठ होती, ती भराभरा झाली. मग पेन थांबलं.

"बेटा, सत्कार चुकीचा होता लिहू, का खोटा होता?"

"चुकीचा लिही मामा."

 त्यानं 'खोटा' लिहिलं. खाली पूर्ण नाव घातलं, समितीचं पद घातलं. नात समोरच वाचत बसली होती. सही करताना तिच्या बाजूनं त्यानं कागदावर हात आडवा धरला.