न घेतलेला शेक

मायच्या छातीतली गाठ डॉक्टरांनी शोधली नाही, तिची तिनंच शोधली. आमचं घर हातमागवाल्यांचं. बाबा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून लुगडी विणायचे आणि माय दिवसभर चरख्यावर सुताच्या कांड्या भरायची. धावत्या सुतातली बारीकशी गाठही तिच्या चिमटीतून सुटत नसे. वस्तीतल्या बायका नव्या सुताची लडी आणून तिच्यापुढं धरायच्या, तिनं बोटं फिरवून मान हलवली की मगच घरी न्यायच्या. म्हणून आंघोळ करताना तुरीच्या दाण्याएवढं काही हाताला लागलं तेव्हा ती समजली. त्या काळात असलं दुखणं बायका जीव गेला तरी सांगत नसत. तिनं त्याच दुपारी मला सांगितलं.

सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि थोरला भाऊ नोकरीसाठी भिलाईला. नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात मायचं ऑपरेशन झालं, एक बाजू पूर्ण काढली. टाके सुकल्यावर डॉक्टरांनी बोलावलं. माय-बाबा बाहेर बाकावर बसले आणि आत मी गेले, कारण घरात शिकलेली मी एकटी.

डॉक्टर भला माणूस होता. म्हणाला, गाठ लहान होती, लवकर सापडली, पूर्ण काढली आहे. तरी मशीनचा, किरणांचा शेक घ्या. पाच आठवडे, रविवार सोडून रोज. कातडी काळवंडते, थकवा येतो. सक्ती नाही, आठ दिवसांत विचार करून सांगा. मी उठले तेव्हा त्यानं पुन्हा थांबवून सांगितलं, "एखादा कण आत राहिला असेल, तर तो हाताला लागत नाही. शेक त्याच्यासाठी."

बाहेर येऊन मी मायला सगळं सांगितलं. पाच आठवडे, कातडी, थकवा, सक्ती नाही. कणाचं तेवढं सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. त्या पाच आठवड्यांतच माझी परीक्षा येत होती. रोज मायला घेऊन जाणार मीच; बाबा दवाखान्यात शिरले की आल्या दाराची वाट विसरत. पण परीक्षेचा शब्द मी काढला नाही. आमच्या घरात सगळे रोखठोक. ताकाला जाऊन भांडं लपवणारी मी एकटी.

ते आठ दिवस माय रोज सकाळी पदराआडून व्रणावरून, काखेतून, दुसऱ्या बाजूवरून बोटं फिरवायची. फार सावकाश, डोळे मिटून. मग म्हणायची, "साफ आहे." बाबांना तेवढं पुरे होतं. म्हणायचे, "हातच्या काकणाले आरसा कायले पाह्यजे? पह्यली गाठ तिनंच धरली ना? दुसरी असन तर तेही धरन." शेजारणींचंही तेच मत. मायच्या बोटांवर सगळ्या वस्तीचा भरवसा होता. मीही स्वतःला सांगू लागले की आपलाही आहे.

आठव्या दिवशी मी पुस्तक घेऊन बसले होते. माय समोर येऊन बसली. "तू शिकली आहेस वं. तू सांग. जावं का नाही जावं?"

मी पुस्तकातून मान वर केली नाही. म्हटलं, "तुले जसं वाटते तसं कर."

तिनं पदर खोचला. मग म्हणाली, "मंग नाही जात," आणि चूल पेटवायला उठली.

मी पास झाले. मायनं वस्तीत पेढे वाटले.

दोन वर्षांनी तिची पाठ दुखू लागली. बसून बसून दुखत असेल म्हणून आम्ही तेल चोळलं. तेल चोळण्यात दोन महिने गेले, मग फोटो काढला. मणक्यात होतं. रोज सकाळी बोटं फिरवणं तिनं एक दिवसही चुकवलं नव्हतं. डॉक्टर तोच होता. जुना कागद पाहून म्हणाला, शेक घेतला असता तरी हे टळलंच असतं असं मी म्हणू शकत नाही. खरं सांगितलं की माझी समजूत घातली, देव जाणे. मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

माय अंथरुणाला खिळली तेव्हा आत्या भेटायला आली. ती तोंडाची फटकळ. मी पेज घेऊन आत येत होते आणि ती मायला विचारत होती, "काहून नाही घेतला वं वयनी तो शेक? घरात एवढी शिकलेली पोरगी, तिनं नाही सांगतलं?"

"सांगतलं ना," माय म्हणाली. "पाया पडून राहिली होती बिचारी माह्या. मीच आयकलं नाही."

मायनं माझ्याकडे पाहिलं नाही. पेजेसाठी हात तेवढा पुढं केला. मी वाटी दिली. बोलायला तोंड उघडलं असतं तर तिची लबाडी आत्यासमोर उघडी पडली असती, असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. ते खोटं आहे. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

पंधरवड्यात ती गेली. आत्यानं ते सगळ्यांना सांगितलं, भावालाही. दरवर्षी मायच्या तिथीला तो पंगतीत सांगतो, "हिनं तर पाय धरले होते मायचे. मायनंच आयकलं नाही." पानावरचे लोक माझ्याकडे पाहून हळहळतात. मी वाढत असते. मी वाढत राहते.