खांद्याला सोसणारी रायफल

निवडणूक लागली आणि परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली, तेव्हा आमचं भात नुकतं दुधात आलं होतं. डहाणूच्या आतल्या बाजूला आमच्यासारख्यांचं वर्ष घरच्या तांदळावरच निघतं. रानडुकरांना काही नोटीस लागू होत नाही. वनखात्याची डुक्कर मारायची परवानगी खिशात होती, पण रायफल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ठाण्यात द्यायची होती. हातात एकच पहाट उरली.

रायफल हलकी होती. चारोटीला मोटारसायकलवरून पडून माझ्या खांद्याचं हाड मोडलं, तेव्हापासून वडिलांच्या वेळची बारा बोरची बंदूक झेपेना. एकेका बाराला डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. ती देऊन ही घेतली. धक्का जवळजवळ नाहीच. केवढा खूश झालो होतो मी!

फटफटलं तेव्हा मी बांधावर पालथा पडलो होतो. कळप ओहळातून वर आला, मोठा नर तीस पावलांवर आडवा उभा राहिला. मी चाप ओढला. बारा बोरच्या दणक्याने डोळे मिटायचे, या वेळी सगळं दिसलं. गोळी लागली, तो दचकला, आणि पडलाच नाही. सरळ भातात घुसला, मागोमाग सगळा कळप. दुसरी गोळी घालू कशी? समोरच्या बांधावर बायको त्यांना हाकलायला डबा बडवत उभी होती. डोळ्यांदेखत शेत तुडवलं जात होतं आणि मी नुसता ओरडत होतो. स्वतःची इतकी चीड मला कधी आली नव्हती. रायफल मी खांद्याकडे बघून घेतली होती, डुकराकडे बघून नाही.

रक्ताचा माग ओहळाच्या कातळावर संपला. वनरक्षकाला फोन करून जखमी नराचं सांगितलं, रायफल ठाण्यात देऊन आलो. परतलो तर बायको उरलेलं उभं भात कापत होती.

"दाणा कुठे भरलाय अजून? पंधरा दिवस तरी थांब," मी म्हटलं.

"आणि राखणार कशानं?" तिनं मान वर केली नाही. "आपल्या गुरांच्या तरी पोटात जाईल."

मी एक दाणा चिमटीत दाबला. दूध आलं. दुसरा विळा घेतला, आणि आमचा वर्षाचा तांदूळ गुरांच्या वैरणीला कापायला लागलो.