परीक्षेचा पेशंट

हॉस्पिटलच्या दारात चपला साठतात, तसे किस्से साठतात. रोज संध्याकाळी झाडताना एखादी तरी चप्पल उरतेच. कोणाची, कधी सोडली, तो माणूस अनवाणी घरी कसा गेला, काही कळत नाही. टाकवतही नाही. मी त्या जिन्याखाली ठेवायचो. किश्श्यांना जिना नव्हता, ते माझ्यापाशीच राहिले. मी बोलतो हळू. चारचौघांत माझा किस्सा अर्ध्यावर येतो तोवर दुसऱ्याचे दोन संपतात. म्हणून लिहून काढतोय. चौथीनंतर लिहायची फारशी सवय राहिली नाही, वेळ लागतो. पण कागद मध्येच बोलत नाही, हे बरं आहे.

भाईंदर पूर्वेला, खारी गावाच्या पुढे, इंद्रलोकच्या वाटेवर आमचं छोटं हॉस्पिटल होतं. मी दारावर असायचो. सगळे मला मामा म्हणायचे, डॉक्टरसुद्धा. एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की यापुढे नुसता अनुभव चालणार नाही. प्लास्टर घालणारा असो, ईसीजी काढणारा असो, ऑपरेशनला हत्यारं हातात देणारा असो, ज्याच्या त्याच्याकडे सरकारी बोर्डाचं सर्टिफिकेट पाहिजे. वरच्या मजल्यावर क्लास सुरू झाला. विद्यार्थी तीन. ऑपरेशन थिएटरचा सलीम, ईसीजीचा फ्रान्सिस आणि प्लास्टर रूमची सुषमा.

सलीम आणि फ्रान्सिस पहिल्या झटक्यात पास झाले. सुषमा नापास झाली. प्लास्टर उत्तम घातलं, पण तोंडी परीक्षेत साहेबांनी प्रश्न विचारला की तिची जीभ टाळूला चिकटायची. आणखी एकदा बसायची मुभा होती. तेव्हाही नाही जमलं, तर प्लास्टर रूम सोडायची आणि खाली चादरी मोजायला बसायचं. तिनं माझ्याजवळ एकदाच म्हटलं, "मामा, चादरी काय, मोजेन मी. पण चादर रडत नाही ना. मी समजूत कोणाची काढू?"

हे एवढं ध्यानात ठेवा. आता किस्से.

*

क्लाससाठी आधी एक प्लास्टिकचा हात मागवला होता. गुलाबी, गुळगुळीत. त्यावर तिघांनी दोन दिवस प्लास्टर घातलं आणि काढलं. तिसऱ्या दिवशी सलीम म्हणाला, "सर, इसको कुछ दुखताही नहीं. आम्ही शिकायचं काय?"

मोठे डॉक्टर विचारात पडले. त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं. मी स्टुलावर बसलो होतो.

"मामा, काय करताय?"

"काही नाही साहेब."

"मग वर या."

तेव्हापासून माझा डावा हात सरकारी कामाला लागला. उजवा मी चहासाठी राखून ठेवला होता. पुढे पुढे कापूस आणि पट्ट्या निघताना केस असे उपटले गेले की डावा हात तान्ह्या बाळासारखा झाला. माझी नात दोन्ही हात शेजारी धरून बघायची आणि म्हणायची, "आजोबा, हा हात नवीन आणलात?"

*

प्लास्टर घातलं की ते सुकेपर्यंत थांबावं लागतं. सुकलं की नाही हे कळायला आमच्याकडे एकच रीत. बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि कान लावायचा. ओलं असेल तर आवाज दबका येतो, जमलेलं असेल तर नारळावर वाजवल्यासारखा. सुषमानं ही रीत सगळ्यांना लावली. मग काय, चहावाला आला तरी आधी माझ्या हातावर टकटक करायचा आणि मग कप द्यायचा.

प्लास्टर कापायचा कटर पहिल्यांदा बिघडला, तेव्हा मी प्लास्टरसकट घरी गेलो. हिनं दार उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"कुठं पडलात?"

"पडलो नाही. परीक्षेचं आहे."

"या वयात कसली परीक्षा?"

शेजारच्या ज्योतीबेन हळदीचं दूध घेऊन आल्या. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी केळी पाठवली. मी प्रत्येकाला सांगत होतो की हात धड आहे. माझं सांगून व्हायच्या आत केळी संपली होती.

दुसऱ्या दिवशी पाण्याचा टँकर आला. आमच्याकडे टँकर आला की नवरा-बायको, सासू-सून, सगळी नाती हंड्यांपुरतीच उरतात. मी रांगेत उभा राहिलो, तर लोकच म्हणाले, "काकांना पुढे जाऊ द्या, हाताला लागलंय." आमचे हंडे सगळ्यांत आधी भरले. संध्याकाळी मी कटर दुरुस्त झाल्याचं सांगितलं, तशी ही म्हणाली, "एवढी काय घाई आहे काढायची? शुक्रवारी पुन्हा टँकर आहे."

शुक्रवारी रांगेत माझ्याशिवाय आणखी तिघांचे हात गळ्यात बांधलेले होते.

*

फ्रान्सिस उत्तनचा. घरची होडी होती, पण याला समुद्र लागायचा. होडीत पाय ठेवला की पोटातलं बाहेर. म्हणून तो ईसीजीकडे वळला. त्याला सरावासाठी माझी छातीही दिली गेली. कागदाची पट्टी बाहेर यायला लागली की फ्रान्सिस त्या रेघा डोळे बारीक करून बघायचा. एकदा बराच वेळ बघत राहिला. मला घाम फुटला.

"काय रे, काही आहे का?"

"न्हाय मामा, सगला बरा हाय. पन तुमचा हार्ट तुमच्यासारखाच हाय. आधी इचार करते, मग ठोका देते."

पुढे बराच वेळ पट्टी बघून तो म्हणाला, "लाटा हायेत, पन या लाटांनी उलटी होत न्हाय."

*

सलीम नया नगरचा. क्लासमध्ये एक नियम पक्का शिकवला होता. आपण डॉक्टर नाही. कोणी डॉक्टर म्हटलं, तर तिथल्या तिथे दुरुस्त करायचं. आपलं काम डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्यांनी सांगितल्यावर, सांगितलं तेवढंच.

सलीमनं हे फार मनावर घेतलं. कारण त्याच्या गल्लीत त्याला सगळे डॉक्टरसाबच म्हणायचे. एका लग्नात कोणीतरी हाक मारली, तसा हा जेवता जेवता उठून उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "देखिए, मैं डॉक्टर नहीं हूँ. असिस्टंट हूँ."

मग एक म्हातारी खाला डोळे पुसत म्हणाली, "कितना शरीफ लड़का है. इतना बड़ा डॉक्टर होके भी घमंड नहीं."

त्या लग्नात सलीमला दोन स्थळं आली.

*

हाडांचे डॉक्टर आमच्याकडे फक्त दुपारी यायचे. सकाळी दुसरीकडे, रात्री तिसरीकडे. माणूस देवासारखा, पण चेहरे त्यांच्या लक्षात राहायचे नाहीत. खालच्या मानेनं यायचे, मोडलेला भाग बघायचे, तसेच निघून जायचे.

एकदा भाजीबाजारात समोर आले. मी नमस्कार केला. ओळख नाही. मी पिशवी उजव्या हातात घेतली आणि डाव्या हातानं पुन्हा नमस्कार केला. डॉक्टरांचा चेहरा खुलला.

"अरे, तुम्ही होय! कसं आहे मनगट?"

घरचं कसं आहे, ते नाही विचारलं. पण मनगटाची चौकशी फार मनापासून केली.

*

सुषमाचं माहेर रत्नागिरीकडचं, नवरा दिनेश रिक्षा चालवायचा. घरी ती त्याच्यावर सराव करायची. तोही बिचारा जेवण झालं की न सांगता पाय पुढे करायचा. कच्चं प्लास्टर, म्हणजे एका बाजूनं घातलेलं, ते सोडवता येतं. एका रविवारी तिनं पक्कं घातलं, गुडघ्यापर्यंत, आणि मग दोघांच्या लक्षात आलं की कटर हॉस्पिटलात आहे. दिनेशला मित्राच्या रिक्षातून हॉस्पिटलात आणून ते कापलं. रिक्षा स्टँडवर बातमी पसरली. रात्री घरी ही गर्दी. दिनेश दोन्ही पायांवर उभा राहून सगळ्यांना चहा देत होता, तरी एकजण म्हणाला, "भाऊ, तू बस. पाय टेकवू नकोस."

एवढा सराव. आणि तोंड? ते पेशंटसमोर आकाशवाणीसारखं चालू असायचं. "बाळा, गार लागेल हं, मग गरम वाटेल, घाबरायचं नाही. आजी, बोटं हलवत राहा. काका, आत खाजवायला सुई नाही घालायची, मी बघेन हं." साहेब माणूस समोर आला की मात्र रेडिओ बंद.

*

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी दिनेशनं रिक्षा फाटकाबाहेर लावली आणि भाडं नाकारत बसून राहिला. आत यायची हिंमत त्याची नव्हती.

बोर्डाचे साहेब ठाण्याहून आले. उंच, गंभीर, हातात जाड अंगठी. आमच्याकडे पहिल्यांदाच येत होते. सुषमानं माझ्या डाव्या हाताला प्लास्टर घातलं. साहेबांनी सगळीकडून बघितलं, मान डोलावली. मग खुर्चीत बसले आणि विचारलं, "प्लास्टर घातल्यावर पेशंटला कोणत्या सूचना द्याल?"

सुषमा उभी. ओठ हलले, आवाज नाही.

"बोटांवर सूज आली तर?"

सुषमानं बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. मला बघवेना. मी हळूच म्हटलं, "सिस्टर, रात्री फार खाज आली, तर उदबत्तीची काडी घालू का आत?"

"अजिबात नाही हं मामा," ती माझ्याकडे वळली. "जखम होईल, आत पिकेल, बाहेरून दिसणारसुद्धा नाही. हात उशीवर उंच ठेवायचा. बोटं निळी पडली, गार पडली, मुंग्या आल्या, तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच यायचं."

"मामा," साहेब म्हणाले, "तुम्ही बोलू नका."

सुषमाचा रेडिओ पुन्हा बंद. साहेब थोडा वेळ तिच्याकडे, थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेन ठेवलं, उठले, मला स्टुलावरून उठवलं आणि स्वतः बसले. उजव्या हाताची बाही वर केली.

"सिस्टर, मी पडलो. माझं मनगट मोडलंय."

मग सुषमानं पदर खोचला.

"कसे पडलात काका? बघू. घड्याळ काढा. अंगठी काढा."

"अंगठी निघत नाही. लग्नातली आहे. राहू दे."

"राहू दे कशी? बोट सुजलं की कापावी लागेल. मामा, साबण आणा."

"अहो, खरं मोडलेलं नाही."

"असं सगळेच पेशंट म्हणतात."

मी साबण आणला, तिनं बोटाला दोरा गुंडाळला आणि बोलता बोलता अंगठी काढली. साहेब बघतच राहिले. बोटावर पांढरा वळ होता. मग प्लास्टर चढत गेलं आणि सुषमा बोलत गेली. साहेब मध्ये मध्ये विचारत होते, ती त्यांना रागावत, समजावत उत्तर देत होती. गार लागेल, गरम होईल, बोटं हलवा काका, अशी.

"आणि प्लास्टर काढायचं कधी?" साहेबांनी शेवटचा प्रश्न विचारला.

"डॉक्टर सांगतील तेव्हाच. मी माझ्या मनानं काढणार नाही. पेशंटनं कितीही विनवलं तरी नाही."

"छान. उत्तम. आता काढा, परीक्षा झाली."

सुषमानं हात पुसले. "डॉक्टर आल्याशिवाय कसं काढू?"

साहेब बाहेर बाकावर जाऊन बसले, एका बाजूला पाय मोडलेला मुलगा, दुसऱ्या बाजूला एक आजी. दुपारी हाडांचे डॉक्टर आले. खालच्या मानेनं बाकाच्या टोकापासून सुरुवात केली. साहेबांच्या हातावर टकटक केली, बोटं दाबून बघितली.

"फार सुंदर बसलंय. तीन आठवड्यांनी दाखवायला या."

आणि पुढच्या पायाकडे गेले.

सुषमा जमिनीकडे बघत उभी होती. साहेबांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी गुणांचा कागद मागवला, डाव्या हातात पेन धरलं आणि पहिलीतल्या पोरासारखी जीभ दातात धरून सही केली. अंगठी खिशात टाकली. "ठाण्याला जाऊन काढून घेईन," म्हणाले.

मी त्यांची बॅग घेऊन फाटकापर्यंत गेलो. दिनेश रिक्षातून उडी मारून खाली उतरला. त्यानं आधी प्लास्टर बघितलं, मग चेहरा.

"काका, तुम्ही परीक्षेचे पेशंट का?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हो."

"मग आमची पास झाली का?"

साहेबांनी हात पुढे केला. दिनेशनं बोटाच्या पेरानं टकटक केली, वाकून कान लावला, पुन्हा एकदा टकटक केली.

"झाली," तो म्हणाला. "बसा, स्टेशनला सोडतो."