आतल्या रांगेची चाकं

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावच्या मॉडेल क्लबात डेस ट्रेगेन्झा एकोणीस वर्षं प्लास्टिकच्या छोट्या रणगाड्यांचा परीक्षक होता, आणि त्या एकोणीस वर्षांत त्याने स्वतः एकही रणगाडा जोडला नव्हता. घरी मागच्या खोलीत जर्मन रणगाड्यांचे न उघडलेले खोके छताला टेकले होते. जोडला तर चूक निघेल, ही त्याला धास्ती. दुसऱ्यांच्या चुका काढायला मात्र जीभ कायम परजलेली.

बारीक टॉर्च घेऊन तो टेबलाशी ओणवा होई. टायगर रणगाड्याची चाकं एकमेकांत गुंतवलेली असतात. आतली रांग सहसा दिसत नाही, म्हणून कुणी कुणी ती गाळतात. डेस नेमका तिथेच उजेड पाडी. शाळेची बस चालवणाऱ्या नोलीन कूकलला त्याने एकदा चारचौघांत सुनावलं होतं, "न दिसणाऱ्या चाकांवरून माणूस कळतो, नोलीन. तू कळलीस." ती बिचारी हातात लॅमिंग्टन केकचा तुकडा धरून तशीच उभी राहिली.

यंदा क्लबाने नियम केला: ज्याचं मॉडेल टेबलावर नाही, त्याला परीक्षकाची खुर्ची नाही. डेसची खुर्ची गेली, तर शिशाच्या कारखान्यातल्या या निवृत्त गोदामवाल्याला कुत्रं विचारणार नव्हतं.

निमूटपणे त्याने टायगरचा खोका उघडला. सात महिने बोल्ट मोजण्यात आणि रंगाच्या छटा ठरवण्यात गेले. प्रदर्शनाला चार दिवस उरले, तेव्हा चाकं अजून खोक्यातच होती.

चर्चच्या हॉलमध्ये त्याचा टायगर खरोखर देखणा दिसत होता. स्वतःचं मॉडेल स्वतः तपासता येत नाही, म्हणून ते काम नोलीनकडे आलं. तिने हात पुढे केला.

"टॉर्च दे रे जरा, डेस. तुझीच."

ती वाकून बराच वेळ बघत राहिली.

"आत बरीच मोकळी जागा आहे," ती म्हणाली. "भाड्याने देणार आहेस का?"

हॉल हसला. वेळच मिळाला नाही, असं काहीसं डेस पुटपुटला. पण मॉडेल टेबलावर होतं, त्यामुळे नियमाने खुर्ची शाबूत राहिली.

आता तरी तो वरमेल, असं ज्यांना वाटलं त्यांना डेस कळलाच नव्हता. पुढच्याच सभेत त्याने ठराव मांडला: टॉर्चच्या झोताने नाजूक रंग उडतात, तेव्हा परीक्षणात टॉर्च बंद. अनुमोदनाला नोलीनने हात वर केला. शेजारच्याने तिच्याकडे चमकून पाहिलं.

"असू दे रे," ती म्हणाली. "म्हाताऱ्याला आता अंधारच सोयीचा."