चिकटपट्टीवाला हात

आमच्या वाळूजच्या कारखान्यात ऑनलाइन ट्रेनिंग बनवणारा तो माणूस मोबाईलचा कॅमेरा चालू ठेवून माझ्या पत्रा दाबायच्या प्रेसजवळ उभा राहायचा. "भाऊ, नियम नको, खरं कसं करता ते दाखवा." साहेबांचा खबऱ्याच, असं मी धरून चाललो होतो.

हात आत सापडू नये म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली येतो. काम झटपट उरकावं म्हणून एक बटण मी चिकटपट्टीनं दाबून ठेवलेलं त्यानं पाहिलं. "लई डोकं लावलं की!" एवढंच म्हणाला.

पुढं ट्रेनिंग आलं. एरवी न बघताच 'पुढे' दाबणारी आमची शिफ्ट या वेळी थांबून बघू लागली. पडद्यावर चेहरा नव्हता. चिकटपट्टी होती आणि माझी अंगठी घातलेला हात. खाली प्रश्न : 'याचं कोणतं बोट आधी जाईल?'

सगळे माझ्याकडे वळले.

चिकटपट्टी त्याच दिवशी काढली. पण तो दिसला की माझे हात अजून खिशात जातात.