झोपेच्या तासांतले शून्य

"भाऊ, परवा रायपूरले थीसिस द्यायची आहे, अन् तुम्ही आता सांगून राहिले की आकडा चुकला?" कुंदाताई उभ्याच होत्या. पुढे केलेली खुर्ची त्यांनी घेतली नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर. भिलाईत माझं दोन मशीनचं कॉम्प्युटर सेंटर होतं. आम्ही ठेकेदारांच्या गोदामातल्या मालाच्या याद्या करून द्यायचो. कुंदाताई कॉलेजात समाजशास्त्र शिकवायच्या. मरोदा आणि कोहका या वस्त्यांतल्या पोलाद कारखान्याच्या कामगारांकडून त्यांनी झोपेबद्दलचे फॉर्म भरून घेतले होते. त्यांची आकडेमोड हातानं होण्यासारखी नव्हती. स्टॅटिस्टिक्सचं पॅकेज, म्हणजे सरासरी आणि तुलना काढून देणारा तयार प्रोग्राम, भिलाईत कोणाकडेच सापडला नाही. शेवटी नागपूरच्या मित्राकडून दोन फ्लॉपींवर आणला. मॅन्युअलची झेरॉक्स मिळाली, पण मधली पानं नव्हती.

पहिला प्रिंटआउट पाहून त्यांचे गाइड खूश झाले. शिफ्टचे कामगार जेमतेम तीन तास झोपतात, असं त्यात निघालं होतं. मला ते पटेना. माझे घरमालक शिफ्टमध्येच होते. नाइट करून आले की दुपारी तीनपर्यंत त्यांच्या दारासमोर बोलायची सोय नसे.

मी फॉर्मांचा गठ्ठा काढला. शिफ्टवाल्यांच्या कितीतरी फॉर्मांत झोपेच्या तासांची जागा कोरी होती. स्क्रीनवर तिथे शून्य.

"सरोज, ये जीरो किसने डाला?"

आमची ऑपरेटर सरोज मान वर न करता म्हणाली, "मैंने. आपने ही तो सिखाया है भैया, खाली मत छोड़ो."

खरं होतं. गोदामाच्या यादीत कोरा रकाना म्हणजे माल संपला. इथे त्याचा अर्थ होता, माणसानं उत्तर दिलं नाही. मशीननं त्या सगळ्यांना चोवीस तास जागं ठेवलं होतं.

हे मी कुंदाताईंना सांगितलं तेव्हाच त्या भडकल्या. खिडकीशी गेल्या, परत आल्या.

"सरांनी हेच सारांशात घालाले लावलं. राहू द्या न तसंच."

"राहू देतो. व्हायव्हात कोणी मूळ फॉर्म मागितले तर?"

त्या पुन्हा खिडकीशी गेल्या. मग पर्स टेबलावर आदळली. "पाच वर्षं दारोदार फिरली मी. काढा तो झिरो."

"उत्तर नाही" हे पॅकेजला कसं सांगायचं, ते गहाळ पानांत होतं. नागपूरचा ट्रंक कॉल दुसऱ्या दिवशी दुपारी लागला. मित्र म्हणाला, झोपेचे तास म्हणून येऊच शकत नाही असा आकडा टाक, नव्याण्णव, आणि तो मोजू नको असं पॅकेजला सांग. सरोज आणि कुंदाताईंनी एकेक फॉर्म पाहून शून्यं बदलली.

नवा निकाल बेचव होता. शिफ्टवाले आणि जनरल ड्यूटीवाले, म्हणजे रोज दिवसाच काम करणारे, जवळपास सारखेच झोपत होते. गाइडनी सही केली नाही. मुदत गेली.

कुंदाताई मग कोऱ्या फॉर्मवाल्यांच्या घरी पुन्हा गेल्या. बहुतेकांनी एकच सांगितलं, "ड्यूटी दर आठवड्याले बदलते बाई. कोणत्या आठवड्याची झोप लिहू?" फॉर्ममधला प्रश्नच चुकला होता. त्यावर त्यांनी वेगळं प्रकरण लिहिलं. पदवी दीड वर्षानं मिळाली.

निकाल फारच आवडला, तर आधी फॉर्म काढून बघावेत.