सोबत बाळ जोडले आहे

आमची धाकटी, म्हणजे माझी जाऊ, कुणाला ताटकळत ठेवत नाही. बाजारातून यायला उशीर होणार असला की "निघते", "निघाले", "कोपऱ्यावर आहे" असे निरोप येतात, आणि शेवटचा वाचेपर्यंत ती दारात चपला काढत असते. भाऊजी म्हणतात, "लग्नानंतर माझी वाट बघायची सवयच मोडली."

मुलं लहान असताना तिने प्रोग्रॅमिंगची नोकरी सोडली. पुन्हा सुरुवात करायची म्हटली तर जिथे तिथे एकच प्रश्न: मधली वर्षं काय केलंत? शेवटी गल्लीच्या टोकाच्या प्रसूतिगृहाने काम दिलं. बाळ झालं की सिस्टरने एक बटण दाबायचं, आणि आईवडिलांनी सांगितलेल्या नातेवाइकांना बाळाचा छोटासा व्हिडिओ मेलने जायचा. मेल पोचवण्याचं काम एका कंपनीचं. धाकटीचा प्रोग्रॅम त्या कंपनीशी परस्पर बोलतो; ज्या खिडकीतून बोलतो तिला एपीआय म्हणतात, एवढं आता मलाही कळतं. महिनाभर वापरून बघू, पटलं तर काम कायमचं, असं मोठ्या सिस्टर म्हणाल्या होत्या.

जेवणाच्या टेबलाचं एक टोक तिने बळकावलं. दुसऱ्या टोकाला मी भाजी निवडायची. सगळं सुरळीत चाललं होतं. मग मोठ्या सिस्टरांनी व्हिडिओसाठी चांगल्या कॅमेऱ्याचा नवा फोन घेतला आणि दुसऱ्याच सकाळी त्यांचा फोन आला. कुणा आजोबांनी मेलला उत्तर लिहिलं होतं, ते त्यांनी वाचून दाखवलं:

"सोबत बाळ जोडले आहे असे आपण लिहिता. मी व सौ. दोघांनी चष्मे पुसून पाहिले. बाळ नाही. कृपया बाळ पाठवावे."

मी भाजी टाकून हसत सुटले. 'बाळाचा व्हिडिओ' लिहिताना धाकटीने घाईत व्हिडिओच खाल्ला होता. ती मात्र रडकुंडीला आलेली.

"ताई, हसू नका ना! काम जाईल माझं."

"अगं, नुसतं वाक्य चुकलंय की बाळही अडकलंय?"

तिने नोंदी उघडल्या. "कंपनीने व्हिडिओ नाकारलाय. मोठा आहे म्हणे. मर्यादा वीस एमबीची, नव्या फोनचा व्हिडिओ सतराचा. मी तपासूनच पाठवते!" मग ती वाचता वाचता थांबली. "अगं बाई. फाइल जशीच्या तशी जातच नाही. तिची अक्षरं करून पाठवावी लागतात, त्यात ती तिसऱ्या हिश्श्याने फुगते. सतराची बावीसच्या वर गेली."

"माहेरी राहून आल्यासारखी!"

आता तीही हसली. मी विचारलं, "पण नाकारलं, तर मेल गेलाच कसा?"

"मीच तसं लिहून ठेवलंय. नकार आला तर व्हिडिओ वगळून मेल पुन्हा पाठव. म्हटलं, निदान बातमी तरी पोचेल, कुणी वाट बघत बसायला नको."

भाऊजी आतून ओरडले, "म्हणजे टांगा पाठवलास आणि पाहुणे घरीच ठेवलेस!"

"तुम्ही गप्प बसा हो!"

दुपारपर्यंत तिने सगळं पालटलं. आता प्रोग्रॅम आधी फुगल्यानंतरचं माप काढतो. मावला तर व्हिडिओ मेलला जोडतो. नाही मावला तर प्रसूतिगृहाच्या इंटरनेटवरच्या कुलूपबंद जागेत ठेवतो आणि मेलमध्ये फक्त लिंक पाठवतो. मजकूरही त्याप्रमाणे बदलतो. आणि दोन्ही जमलं नाही, तर मेल पाठवायचाच नाही, सिस्टरला कळवायचं. या शेवटच्या ओळीपाशी तिची बोटं थबकली. मेल थांबवून ठेवायचा, हे तिच्या रक्तातच नाही. मी म्हटलं, "लिही. रिकाम्या पाकिटापेक्षा थोडी वाट बरी." तिने डोळे मिटून लिहिलं.

तो व्हिडिओ पुन्हा पाठवला. आम्ही दोघी पडद्याकडे टक लावून, आणि "मला काय त्याचं" म्हणणारे भाऊजीही खुर्ची ओढून मागे.

थोड्या वेळाने मोठ्या सिस्टरांचा फोन आला. "आजोबांचं उत्तर आलंय. 'बाळ मिळाले. नाक आमच्याकडचे आहे.'" मग त्या खळखळून हसल्या. "काम तुमचंच हो, आता कायमचं. पण आधी या आजोबांचं बघा. त्यांनी अख्ख्या गोतावळ्याचे पत्ते धाडलेत, आणि 'त्वरित पाठवावे' असं खाली दोनदा लिहिलंय!"

धाकटीचे डोळे भरून आले होते, पण पत्ते भरायला तिने तेवढ्यात सुरुवातही केली होती.